समुद्र ओलांडायला किती वेळ लागतो

येशीने नेतेल्याचा काठ तोंडाशी घेतला होता. शुक्रवारी सकाळी शाळेला निघालेल्या वुबितला ती गल्लीच्या वळणावर दिसली, निलगिरीच्या मोळ्या विकणाऱ्या बायकांशेजारी उभी, आणि तिच्या नेतेल्याचा, अंगावर घ्यायच्या पांढऱ्या सुती शालीचा, हिरवा-पिवळा काठ, जो एरवी खाली पोटऱ्यांवर लोंबायचा, तो गळ्याभोवती वर आला होता. मयताच्या घरी जाताना बाई काठ असा वर घेते. वुबितला पाहताच येशीने घाईघाईने नेतेला खांद्यावरून ओढला, गोल फिरवला आणि काठ खाली सोडला. "कोण गेलं गं?" वुबितने विचारलं. "कोण जाणार? कुणी नाही," येशी म्हणाली, "थंडी केवढी पडलीय. तोंड झाकलं." "काठ वर घेऊन?" "उठल्या उठल्या उलटा आला असेल. तू जा बाई, तुझी घंटा होईल." एवढं बोलून तिने वुबितचा हात हातात घेतला आणि दाबला. वीस वर्षांपासूनची शेजारीण, पण येशी हात दाबणाऱ्यातली नव्हती, चिमटे काढणाऱ्यातली होती. वुबितच्या अंबाड्यावरून, तिच्या इंग्रजीवरून, तिच्या पातळ शिरोच्या पिठल्यावरून रोज एक तरी टोमणा मारल्याशिवाय तिला घास उतरत नसे. आज टोमणा आला नाही. वुबित चालू लागली, आणि उतारावर चार पावलं गेल्यावर थांबली.

गल्लीत कुणी आजारी नव्हतं. तिने मनातल्या मनात एकेक दार तपासलं. विणकरांचं घर, पिठाची गिरणी, म्हाताऱ्या पाद्र्याचं घर, सगळीकडे काल दिवे होते, सगळीकडून हसण्या-भांडण्याचे आवाज येत होते. मग हळूहळू या आठवड्यातल्या गोष्टी एकमेकींचा हात धरून तिच्यापुढे उभ्या राहायला लागल्या. बटाटेवालीने जास्तीचे बटाटे टाकले होते आणि नजर चुकवली होती. गाशे देमिसे, वडीलधारे म्हणून सगळ्यांचे गाशे, जे इदिरचे प्रमुख, म्हणजे गल्लीच्या मर्तिकाच्या मंडळाचे सर्वेसर्वा, तिला समोरून येताना बघून चक्क गटार ओलांडून पलीकडे गेले होते, गुडघेदुखी विसरून. आणि बुधवारी इदिरच्या पत्र्याच्या खोलीचं दार उघडं होतं, बाहेर दोरीवर शोकाचा तंबू उन्हात घातलेला होता. पावसाळा संपून इतके दिवस झाले, आत्ताच कसं सुचलं यांना, असं तिला तेव्हा वाटलं होतं, आणि ती पुढे गेली होती. तंबूला ऊन दाखवत होते. तिच्या दारात उभा करायचा म्हणून. रोबेलचा.

नाव मनात आलं आणि मिनीबसचा दरवाजा धाडकन उघडला. पोऱ्या थांब्यांची नावं ओरडत होता, ती चढली, बसली, पैसे दिले. रोबेल. तिचा एकुलता एक मुलगा, जो दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडे निघाला होता, वाळवंट ओलांडून समुद्राकडे, आणि गेल्या वर्षीच्या मेस्केलच्या सणानंतर ज्याचा फोन लागत नव्हता. यंदाचा मेस्केल येऊन गेला. डोंगरावरची पिवळी फुलंसुद्धा सुकून गेली. गल्लीला आता कुठूनतरी काहीतरी कळलं आहे, आणि गल्ली मेर्दोची तयारी करते आहे. तिला मेर्दो चांगला माहीत होता. माणूस गेल्याची बातमी त्याच्या जवळच्याला अशी रस्त्यात, फोनवर, बाजारात देत नाहीत. आधी सगळ्यांना कळतं, त्याला सोडून. सगळे पोटात ठेवतात, त्याच्याशी हसतात, त्याला दोन घास जास्त वाढतात. मग एक दिवस ठरतो. भल्या पहाटे, त्याच्या पोटात पाण्याचा थेंब जायच्या आत, सगळी गल्ली दारात येते. पुढे एक पिकला माणूस, मागे धरायला दोन दणकट बायका. तो म्हणतो, मन घट्ट कर. पुढचं बोलावं लागतच नाही.

तिच्या वाट्याला हा एकदा आला होता. अध्यापनाच्या कॉलेजात होती, परीक्षा चालू होती, आणि गावाकडे वडील गेले. मैत्रिणींना कळलं, वॉर्डनबाईंना कळलं, खाणावळीतल्या आचाऱ्याला कळलं. परीक्षा संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही. ती रोज जेवली, रोज हसली, इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत 'माय फादर इज अ फार्मर' असं छातीठोकपणे म्हणाली, आणि समोरच्या परीक्षकाने मान खाली घातली, कारण त्यालाही सांगून ठेवलं होतं. शेवटचा पेपर झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. तिच्या भल्यासाठीच केलं सगळ्यांनी. पण ती आजही त्यांना माफ करू शकली नव्हती. वडील मातीत, आणि ती लाह्या खात खिदळतेय, ते दिवस तिला अजून घशात अडकलेल्या काट्यासारखे टोचत. कुणी ठरवलं होतं की तिचे वडील तिच्यासाठी कधी मरणार? आचाऱ्याने? आणि आता, तीस वर्षांनी, परत तीच पंचायत. तेव्हा मेलेल्याला जिवंत ठेवला, आता जिवंताला मारायला निघालेत. बसच्या काचेवर डोकं टेकून ती मनातल्या मनात सगळ्यांशी रागाने भांडत होती, आणि दुःखापेक्षा राग बरा, निदान त्याला पाय असतात, असं तिला वाटलं.

सातवीच्या वर्गात एका बाकावर चौघंचौघं बसलेली. आजचा धडा तिने वर्षाच्या सुरुवातीलाच आखला होता, त्यात तिचा काही दोष नव्हता. फळ्यावर तिने लिहिलं, 'हाऊ लाँग डझ इट टेक?' कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते इंग्रजीत कसं सांगायचं. पुस्तकातला जॉन दहा मिनिटांत शाळेत चालत जातो आणि आठ वाजता पोचतो. आठ वाजता म्हटलं की मुलं दरवर्षी हसायची, कारण त्या वेळी इथल्या घड्याळात दोन वाजलेले असतात. इथला दिवस सूर्य उगवला की सुरू होतो, इंग्रजांचा मध्यरात्री, कुणी बघत नसताना. "जॉनला दहा मिनिटं लागतात. तुला किती?" तिने पहिल्या बाकावर विचारलं. "टीचर, येताना की जाताना?" मुलगा म्हणाला, "जाताना चढ आहे." वर्ग हसला. "इंजेराच्या पोळ्यांचं पीठ आंबायला?" "तीन दिवस, टीचर." "थंडीत चार," मागून कुणीतरी. "माझ्या आजीच्या हाताने दोनच." "आजीचा हात इंग्रजीत येत नाही, बस खाली," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजात नेहमीचा खट्याळपणा कसा आला याचं तिला नवल वाटलं. मग संपलेल्या कामाचं वाक्य तिने फळ्यावर घेतलं. काल मला कपडे धुवायला एक तास लागला. लागला म्हणजे काम झालं, हात पुसले, कपडे दोरीवर. खिडकीशी बसणारी एक लांबुडक्या मानेची मुलगी उठली. "टीचर, अजून धुतोच आहोत, तर काय म्हणायचं?" "तर लागला म्हणायचं नाही," वुबित म्हणाली. खडू तिच्या बोटांत मोडला. "काम चालू असताना कुणी लागला म्हणत नाही. कुणीही नाही. समजलं?" ती इतक्या जोरात बोलली की शेजारच्या वर्गातली पाढ्यांची ओरड क्षणभर थांबली. मुलगी घाबरून खाली बसली. बिचारीने फक्त कपड्यांबद्दल विचारलं होतं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. त्यांनी खुर्ची दिली, जी ते कधी देत नसत. इकडचं तिकडचं बोलले, छताच्या गळतीबद्दल बोलले, आणि मग पेपरवेट फिरवत म्हणाले, "सोमवारी जमलं नाही तर येऊ नका, वुबितबाई. आम्ही बघून घेऊ." "सोमवारी मला काय झालंय?" "झालं नाही काही. म्हणजे, थंडी आहे. थकल्यासारख्या दिसता." सगळ्या शहराला आज थंडीच वाजत होती. वुबितने त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि तिला दिसलं की ते घामेजलेत. म्हणजे उद्या. शनिवारी शाळा नाही, गल्लीत पुरुष घरी असतात, तंबू ठोकायला माणसं मिळतात. तिथल्या तिथे विचारावं, सांगा काय कळलंय, असं ओठांवर आलं होतं. पण विचारलं की ते सांगणार, निदान रडणार, आणि सांगणं झालं की झालं. तिने खुर्ची मागे सारली. "सोमवारी मी येणार आहे," ती म्हणाली, "सातवीचा धडा अर्धा राहिलाय."

रोबेलला हा धडा तिनेच शिकवला होता, घरी, स्वयंपाकघरात, तो जेमतेम शेगडीएवढा असताना. नवरा तोवर दक्षिणेत दुसरा संसार थाटून बसला होता, त्यामुळे संध्याकाळी मायलेकांना वेळच वेळ. कांदा लाल व्हायला किती वेळ लागतो, एमाये? इंग्रजीत विचार. मग तो मोडकंतोडकं विचारायचा आणि ती उत्तर द्यायची, आणि कांदा करपायचा. मोठा झाला तेव्हा त्याचे प्रश्न बदलले. हातात फोन, आणि नोकरी कुठेच नाही. वाळवंट ओलांडायला किती वेळ लागतो, एमाये? असंच विचारतोय, वाक्य बरोबर आहे का बघ. तिने वाक्य बरोबर आहे का ते बघितलं. बाकी काही बघितलं नाही. तिकडून तो अधूनमधून आवाज पाठवायचा, कधी एखाद्या गोठ्यातून, कधी ट्रकमागून, मागे माणसांची कुजबुज. शेवटचा आवाज मेस्केलच्या आठवड्यातला. हसत होता. "एमाये, ऐक, चूक काढ. इट टेक्स वन नाइट टू क्रॉस द सी." चूक नव्हती. तिने उत्तर पाठवलं होतं, शाबास. ते त्याने ऐकलं की नाही ते फोनने तिला कधीच सांगितलं नाही. पुष्कळ दिवस ती हे 'शाबास' आठवून स्वतःला कोसायची. आज शाळेतून परतताना मात्र तिच्या मनात वेगळंच येत होतं. एक रात्र लागते हे कुणी सांगितलं त्याला? ज्यांनी पैसे घेतले त्यांनी. समुद्राने तर काही कबूल केलेलं नाही. मग मोजणारी ही माणसं कोण? येशी कोण, देमिसे कोण? बाजारात तुरी आणि इथे तंबूला ऊन! तिने बाजारात थांबून कॉफीच्या हिरव्या बिया घेतल्या, ऊद घेतला, आणि सणासुदीला जमिनीवर पसरतात त्या ओल्या गवताची एक मोठी पेंढी घेतली. गवतवाली म्हणाली, "काय मावशी, लग्न काढलं की काय?" "पाहुणे येणारेत," वुबित म्हणाली, "मानाचे."

पहाटे, कोंबडाही अजून आळस देत होता तेव्हा, ती उठली. आंघोळ केली, केस विंचरले, ठेवणीतला झगा घातला, वर नवा नेतेला घेतला आणि आरशासमोर उभं राहून त्याचा लाल काठ नीट खाली, पायांवर सोडला. जमिनीवर गवत पसरलं. शेगडी पेटवून बिया भाजायला घेतल्या. बिया तडतडायला लागल्या, धूर घरभर झाला, आणि गल्लीच्या टोकाकडून पावलं ऐकू आली, पुष्कळ पावलं, आणि मध्येच हातगाडीवर लोखंडी नळ्या आपटल्याचा खणखणाट. तंबूचे खांब. पाठोपाठ कुणीतरी कुणालातरी दबक्या आवाजात झापलं, "हळू रे गाढवा, जागी होईल ना ती!" एवढ्या भीतीतही तिला हसू फुटलं. थाप पडायच्या आत तिने दार उघडलं. गाशे देमिसे पुढे, हात थापेसाठी उचललेलाच. मागे गल्ली. सगळ्या बायकांचे काठ तोंडाशी. "या," वुबित म्हणाली, "अगदी वेळेवर आलात. बिया आत्ताच भाजून झाल्या."

"वुबित, लेकी," गाशे देमिसेंनी घसा खाकरला, "मन घट्ट—"

"गाशे, आधी कॉफी."

"अगं पण आम्ही—"

"माझ्या दारात आलेला माणूस कॉफी न घेता बोलत नाही. तुमच्या घरात चालत असेल, माझ्या घरात नाही. बसा. गवत ओलं आहे, गुडघा सांभाळा."

म्हाताऱ्याने थापेसाठी उचललेला हात खाली घेतला. उभ्या आयुष्यात त्याने पुष्कळ दारं वाजवली होती, पण आतून भाजल्या कॉफीचा वास कधी आला नव्हता. आणि पुढ्यात धरलेल्या कॉफीला नाही म्हणणं, आई मेली तरी, या शहरात कुणाला जमलेलं नाही. तो बसला. मग एकेक करून बाकीचे बसले, काही दारात, काही बाहेर ओट्यावर, गाडीच्या आधाराने. धरायला आणलेल्या दोन दणकट बायकांना हातांचं काय करावं ते कळेना, तेव्हा वुबितने त्यांच्या हातात लाह्यांची परडी दिली. काळ्या सुरईतून पहिली फेरी उतरली. येशी कोपऱ्यात, कप दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून हुंदके गिळत होती. दुसऱ्या फेरीला वुबितने सुरईत पाणी घातलं, ती शेगडीवर ठेवली आणि उकळी येईपर्यंत पाठमोरी राहूनच विचारलं, "कुणी बघितलं?"

"काय?" येशी दचकली.

"तुझ्या भाच्याचा फोन आला ना? तोच, जो रोबेलबरोबर निघाला आणि वाळवंटाआधीच मागे फिरला. त्याने बघितलं?"

"त्याने नाही," येशी रडतच म्हणाली, "त्याला तिकडचा एकजण म्हणाला. होडी बुडाली म्हणाला. गेल्या वर्षीच्या मेस्केलच्या आठवड्यातली. त्यात आपल्या या शिरोमेदाचा एक पोरगा होता, आई इंग्रजी शिकवते असं सांगायचा. वुबित, मी महिनाभर गिळत होते गं हे, मला जेवण जाईना."

"त्या एकाने बघितलं?"

"त्याने ऐकलं."

"म्हणजे ऐकणाऱ्याचं ऐकून त्याने ऐकलं, ते तू ऐकलंस, ते गाशेंनी ऐकलं, आणि तंबू बाहेर गाडीवर. वा! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग." तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "माझ्या बापाच्या वेळी मला महिनाभर खोटं हसू दिलंत. तुम्ही नसाल, तुमच्यासारखेच होते. आता मला खोटं रडायला लावणार? अंगण भरून लोक बसणार, तीन दिवस मला धरून ठेवणार, आणि चौथ्या दिवसापासून रोबेल मेलेला. त्याचा फोन आला तरी मी कुणाला सांगू? भुताचा म्हणू?"

कुणीतरी म्हणालं, बाई गं, देवाची मर्जी. कुणीतरी त्याला गप्प केलं. तिसरी फेरी पातळ होती, नेहमी असते तशी, नुसतं रंगाचं पाणी. पण ही आशीर्वादाची फेरी. ती घेतल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि ती पिऊन झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने हात उचलून त्या घरासाठी मागायचं असतं. वुबितने गाशे देमिसेंचा कप भरला, त्यांच्यासमोर गवतावर गुडघे टेकले. "मागा," ती म्हणाली, "माझा मुलगा प्रवासात आहे. त्याच्यासाठी मागा." म्हाताऱ्याने कप हातातच धरून ठेवला. तो मरणाचं सांगायला आला होता, सगळ्या गल्लीने त्याला त्यासाठीच पुढे घातलं होतं. त्याने मागे वळून बघितलं. मागे कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. "मला कसं जमेल, लेकी," तो हळूच म्हणाला, "देवाला खोटं कसं सांगू?" "तुम्हाला खरं माहीत आहे?" तिने विचारलं. शेगडीतला निखारा फुटला. मग म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, दोन्ही तळवे वर केले आणि फुटक्या आवाजात म्हणाला, "जो वाटेवर आहे त्याला वाट दाखव. जो पाण्यात आहे त्याला किनारा दे. या घराचं दार उघडं ठेव." थांबून, मोठ्याने, "रोबेलला सुखरूप ठेव." आमेन, म्हणाली दारातली माणसं. आमेन, ओट्यावरची. गाडीजवळची पोरंसुद्धा, नळ्यांवर बसून.

निघताना गाशे देमिसे उंबऱ्यात थांबले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "किती दिवस, वुबित? असं किती दिवस चालणार?" फळ्यावरचा प्रश्न होता तो, नुसता टोपी घालून आलेला. "लागतील तेवढे, गाशे," ती म्हणाली. रोबेल नसेलही. हे तिला काल बसमध्येच कळून चुकलं होतं, तिला कुणी ते नव्याने सांगायची गरज नव्हती. समुद्र केवढा आणि होडी केवढी. पण ते ती स्वतः ठरवेल, ज्या दिवशी ठरवेल त्या दिवशी, आणि त्या दिवशी ती स्वतः जाऊन पत्र्याची खोली उघडायला सांगेल. येशी सगळ्यात शेवटी उठली. वुबितने तिला दारात अडवलं, तिच्या गळ्याभोवतीचा नेतेला सोडला, झटकला, फिरवला आणि काठ खाली पायांवर आणून खांद्यावर चापून बसवला, लहान पोरीला शाळेत धाडताना बसवतात तसा. "अशी जा," ती म्हणाली. येशीने नाक पुसलं. "कॉफी पाणचट होती," ती म्हणाली, "नेहमीसारखी." वुबितने तिच्या पाठीत धपाटा घातला. खाली उतारावर लोखंडी नळ्या खडखडत परत चालल्या होत्या, आता कुणी हळू म्हणत नव्हतं. तिने दार उघडंच ठेवलं, तुडवलेल्या गवतावर, उष्ट्या कपांच्या मधोमध बसली, आणि तेव्हा तिला रडू कोसळलं. ती मोठमोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं, पोटभर रडली. काठ तिने वर घेतला नाही.